उजवी कोरोनरी डाव्या बाजूने निघाली आहे: ऑपरेशन करायचं की थांबायचं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा सोळा वर्षांचा. बारावीनंतर पोलीस भरतीला उतरायचं म्हणून आतापासूनच रोज पहाटे मैदानावर जातो. १६०० मीटरच्या सरावात शेवटच्या फेरीला धावता धावता कोसळला, मिनिटभराने शुद्धीवर आला. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, नंतर केलेली स्ट्रेस टेस्टही नॉर्मल. शेवटी सीटी अँजिओ झाली आणि त्यात आलं की उजवी कोरोनरी धमनी डाव्या सायनसमधून (महाधमनीच्या बुडाशी असलेल्या डाव्या फुगीर भागातून) निघते आणि महाधमनी व फुप्फुस धमनी यांच्या मधून जाते. एक डॉक्टर म्हणाले ओपन हार्ट करा. दुसरे म्हणाले उजवी आहे, जन्मापासून आहे, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आहे, गोळ्या घ्या आणि विसरा. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: ऑपरेशन लागेल का, अकरा वर्षांच्या बहिणीलाही तपासायचं का, आणि मुलाला भरतीला जाता येईल का.

ताई, रिपोर्टमधले शब्द महत्त्वाचे आहेतच, पण त्याआधी मला एक वेगळीच गोष्ट ऐकायची असते: मुलगा नेमका कसा पडला? धावताना मधेच, काहीही न कळता, हात पुढे न करता तोंडावर आपटला का? की फेरी संपवून थांबल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळलं, घाम फुटला आणि मग खाली बसला? उपाशीपोटी पळत होता का? आधी कधी पळताना छातीत दुखलं होतं का आणि त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं का? ही शेवटची शक्यता मुलांच्या बाबतीत फार असते. भरतीचं स्वप्न असलेला मुलगा छातीत दुखतं हे घरी सांगत नाही. आई-वडिलांना बाहेर बसवून विचारलं की सांगतो. हनुवटीवर टाके पडले असतील, ओठ फाटला असेल, तर तीही माहितीच आहे. साध्या चक्करेत माणूस बहुतेक वेळा स्वतःला सावरत खाली येतो.

तुमच्या वर्णनावरून तो ऐन धावताना कोसळलेला दिसतो. तसं असेल तर ‘विसरा’ हा सल्ला मला मान्य नाही. का ते सांगतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य धमन्या महाधमनीच्या बुडाशी, झडपेच्या अगदी वर निघतात. डावी डाव्या सायनसमधून, उजवी उजव्या सायनसमधून. तुमच्या मुलाची उजवी चुकीच्या बाजूने निघाली आणि आपल्या जागी पोचण्यासाठी तिला दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधून जावं लागलं. तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल की पळताना ती दोघींमध्ये चिरडली जाते. ही समजूत इतकी पसरली आहे की डॉक्टरसुद्धा सर्रास तसं बोलतात. पण फुप्फुस धमनीतला दाब महाधमनीच्या दाबाच्या मानाने खूपच कमी असतो, ती हिला काय चिरडणार! खरी अडचण बहुतेक वेळा महाधमनीच्या भिंतीत असते. अशी धमनी सुरुवातीचे काही मिलिमीटर त्या भिंतीच्या आतूनच तिरकी सरकते. त्याला इंट्राम्युरल भाग म्हणतात. तिचं तोंडही गोल नसतं, शर्टाच्या काजासारखी फट असते. बसल्या जागी त्या फटीतून पुरेसं रक्त जातं. जोरात पळताना महाधमनी ताणली जाते, भिंतीतला भाग चपटा होतो आणि नाडी वेगात असल्यामुळे दोन ठोक्यांमधला, कोरोनरी भरण्याचा वेळही कमी पडतो. स्नायूला रक्त तुटतं आणि त्यातून ठोक्यांची घातक गडबड होऊ शकते. हे दर वेळी होत नाही. एखादा मुलगा वर्षानुवर्षं पळतो आणि एका सकाळी कोसळतो. हे असं लहरी का, याचं पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून नाही.

म्हणूनच नॉर्मल स्ट्रेस टेस्टवर विसंबून चालत नाही. २००० साली अमेरिका आणि इटलीतल्या डॉक्टरांनी मिळून २७ तरुण खेळाडूंची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांचा मृत्यू खेळताना किंवा खेळ थांबताक्षणी झाला होता आणि सगळ्यांची कोरोनरी चुकीच्या सायनसमधून निघालेली होती. त्यातल्या ज्यांचा आधी ईसीजी झाला होता त्या नऊच्या नऊ जणांचा तो नॉर्मल होता. ज्यांची पूर्ण क्षमतेपर्यंत स्ट्रेस टेस्ट झाली होती त्या सहाही जणांची नॉर्मल होती. मात्र त्यातल्या काहींना आधी छातीत दुखलं होतं किंवा शुद्ध हरपली होती. यंत्रांना जे दिसलं नव्हतं ते त्या मुलांना जाणवलं होतं.

आता दुसऱ्या डॉक्टरांची बाजू, कारण तीही निराधार नाही. त्या २७ पैकी २३ जणांची डावी धमनी उजव्या बाजूने निघालेली होती, उजवी डावीकडून निघालेले फक्त चार. लोकसंख्येत चित्र उलटं आहे. उजवी चुकीच्या बाजूने निघालेली माणसं हजारात साधारण दोन असतात, डावी तशी निघालेली दहा हजारांत तीनच्या आसपास. म्हणजे उजवीचा दोष कितीतरी जास्त जणांत आहे आणि जीव मात्र बहुतेक डावीच घेते. उजवी अशी असलेली बहुसंख्य माणसं म्हातारी होऊन भलत्याच कारणाने जातात. पन्नाशीत कोणाची अँजिओग्राफी होते आणि तिथे हे सहज सापडतं. तेव्हा केवळ सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘इंटरआर्टेरियल’ (दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधून जाणारी) हा शब्द दिसला म्हणून प्रत्येक मुलाची छाती उघडणं चूक आहे. मुलाला काहीच त्रास नसता, पोटदुखीसाठी केलेल्या तपासणीत ही गोष्ट अपघाताने कळली असती, तर मीही दुसऱ्या डॉक्टरांच्या बऱ्याच जवळ गेलो असतो.

पण तुमचा मुलगा पळताना पडला आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांची २०१८ ची, मुळात प्रौढांसाठीची, मार्गदर्शक तत्त्वं इथे स्पष्ट आहेत: धमनी उजवी असो वा डावी, श्रमाच्या वेळी त्या धमनीमुळे होणारी लक्षणं असतील किंवा रक्त कमी पडल्याचा पुरावा असेल, तर शस्त्रक्रिया करावी. डावी उजवीकडून निघाली असेल तर लक्षणं नसतानाही शस्त्रक्रिया योग्य ठरते. उजवी असेल आणि लक्षणं नसतील तर शस्त्रक्रिया किंवा निरीक्षण, दोन्ही चालतं. तिथे मग रचना, वय, खेळाची पातळी आणि घरच्यांचं मत यांचा विचार होतो.

त्यात ‘त्या धमनीमुळे होणारी’ हे शब्द जड आहेत. तुमच्या बाबतीत खरं काम तिथेच आहे. पळताना शुद्ध हरपण्याची इतर कारणंही आहेत, आणि कोरोनरीचा दोष शेजारी नुसता बसून असेल, गुन्हेगार दुसराच असेल, असं होऊ शकतं. हृदयाचा स्नायू जाड होणारा आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, इकोवर बहुधा दिसतो. लाँग क्यूटी, म्हणजे हृदयाच्या विजेच्या लहरीतला दोष, त्यासाठी ईसीजी हाताने मोजून बघावा लागतो, मशीनने वर छापलेल्या आकड्यावर सोडायचा नाही. आणि सीपीव्हीटी नावाचा एक आजार आहे: हृदय रचनेने धडधाकट, विश्रांतीतला ईसीजी स्वच्छ, पण पळताना खालच्या कप्प्यांतून वेडेवाकडे ठोके सुरू होतात. तो पकडायला स्ट्रेस टेस्टच लागते. म्हणून झालेल्या स्ट्रेस टेस्टचा पूर्ण कागद मागवा, शेवटच्या ओळीतलं ‘निगेटिव्ह’ पुरेसं नाही. किती मिनिटं पळाला, नाडी कुठपर्यंत गेली, त्या वेळी जादा ठोके आले का, हे बघायचं आहे. बरेचदा मुलगा दमला म्हणून टेस्ट अर्ध्यात थांबवलेली असते आणि तिलाही नॉर्मल म्हटलेलं असतं.

त्या दिवशी कॅज्युअल्टीत नेलं असेल तर तिथले कागद शोधा. पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतला ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी सोन्याच्या मोलाची असते. ट्रोपोनिन वाढलेलं असेल तर हृदयाच्या स्नायूला इजा झाली होती याचा तो भक्कम इशारा आहे. दोन महिन्यांनी ते परत मिळत नाही.

सीटीची सीडी स्वतःजवळ ठेवा आणि जन्मजात हृदयरोगाचं काम करणाऱ्या केंद्रात ती मूळ चित्रं दाखवा. नुसता रिपोर्ट नको. मी सीडी उघडतो तेव्हा पाहतो की धमनीचं तोंड गोल आहे की फट, ती सरळ निघते की महाधमनीला चिकटून तिरकी, भिंतीतला भाग किती मिलिमीटरचा आहे, आणि तो भाग झडपेच्या दोन पाकळ्या जिथे मिळतात त्या जोडाच्या वर आहे की खाली. शेवटची गोष्ट सर्जनला सगळ्यात जास्त लागते, आणि रिपोर्टमध्ये सर्वांत कमी वेळा तीच लिहिलेली असते. उजवी धमनी हृदयाचा किती भाग सांभाळते हेही बघायचं. बहुतेकांमध्ये ती मोठी असते, काहींमध्ये किरकोळ. किरकोळ असेल तर धोक्याचं गणित बदलतं.

इको नॉर्मल कसा आला, असं तुम्हाला वाटत असेल. इकोमध्ये दोन्ही धमन्यांची तोंडं मुद्दाम शोधावी लागतात. महाधमनीचा आडवा छेद घ्यायचा, प्रोब किंचित फिरवत राहायचं, आणि रंगीत डॉप्लरचा वेग खाली आणायचा. भिंतीच्या आतल्या बाजूने एक बारीक रंगीत रेघ दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात चमकली की संशय घ्यायचा. गर्दीच्या ओपीडीत कप्पे, पडदे, झडपा आणि पंपिंग पाहून रिपोर्ट दिला जातो. त्यात खोटं काही नसतं, फक्त कोरोनरीचा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. पळताना पडलेल्या मुलाच्या चिठ्ठीवर ‘कोरोनरीचे उगम पाहावेत’ एवढं लिहून पाठवलं तरी बराच फरक पडतो.

यापुढची पायरी म्हणजे डोब्युटामिन देऊन केलेला स्ट्रेस एमआरआय किंवा स्ट्रेस इको. औषधाने हृदय पळायला लावायचं आणि रक्त कुठे कमी पडतं ते पाहायचं. काही केंद्रं कॅथेटरने धमनीत बारीक तार घालून दाब मोजतात. त्यातही डोब्युटामिन वापरतात, कारण नेहमीच्या ॲडिनोसिन या औषधाने महाधमनी पळताना ताणते तशी ताणली जात नाही. या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या तर प्रश्न मिटला. निगेटिव्ह आल्या आणि पडण्याची हकीकत पक्की असली, दुसरं कारणही सापडलं नाही, तर मी हकीकतीला जास्त वजन देतो आणि ऑपरेशनच्या बाजूने उभा राहतो. यावर माझ्याशी मतभेद असलेले चांगले डॉक्टर तुम्हाला भेटतील.

ऑपरेशन लागलंच तर बहुधा ‘अनरूफिंग’ सुचवलं जाईल. हार्ट-लंग मशीनवर महाधमनी उघडून, धमनी भिंतीत जितकी लपलेली आहे तितकं तिच्यावरचं छत कापून काढायचं, म्हणजे फटीच्या जागी योग्य सायनसमध्ये रुंद तोंड तयार होतं. भिंतीतला भाग पाकळ्यांच्या जोडाखालून जात असेल तर नुसतं कापत गेल्याने जोड सैल होऊन झडप गळू शकते. तिथे सर्जन योग्य जागी नवं तोंड करतो किंवा धमनी सोडवून दुसरीकडे जोडतो. सोळा वर्षांच्या मुलाला बायपास सुचवला तर कारण विचारा. मूळ धमनी विश्रांतीत मोकळीच असते, त्यामुळे बायपासच्या नळीतून रक्त फारसं वाहत नाही आणि ती हळूहळू बंद पडते. स्टेंट काही ठिकाणी प्रौढांमध्ये घालतात. वाढत्या वयाच्या मुलात त्याचा विचार नको. आणि गोळ्या: बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या गोळ्या, ऑपरेशनची जागा घेतात असा पुरावा नाही. तपासण्या होईपर्यंत दिल्या तर हरकत नाही, पण ‘गोळी चालू आहे, आता पळू दे’ हे धोक्याचं आहे.

अनुभवी हातात या शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका फार कमी आहे. शून्य नाही. झडप थोडी गळणं, नव्या तोंडाशी अडथळा राहणं, हे काहींना होतं. म्हणूनच अशी किती ऑपरेशनं केलीत हे सर्जनला विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. खर्चाची चिंता असेल तर सरकारी वाटा आहेत: अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, शिवाय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. हे नेमकं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र बघून सांगेल. रुग्णालयात दाखल होण्याआधी विचारा.

निर्णय होईपर्यंत पळणं, सायकलची शर्यत, कबड्डी, जोर-बैठका, पोहणं, सगळं बंद. शाळा-कॉलेज, चालणं, घरातली कामं, जिने सावकाश चढणं चालू. पीटीच्या सरांना लेखी चिठ्ठी द्या, तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. घरातल्या दोघांनी तरी सीपीआर शिकून घ्या. मुलगा पडला, हलवून उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं, यात मिनिटं जातात.

बहिणीबद्दल. हा दोष बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. एकाच घरात दोघांना सापडल्याच्या नोंदी आहेत, पण तुरळक. सरसकट सीटी करू नका, विनाकारण रेडिएशन कशाला? कोरोनरी बघा असं लिहून एक इको करून घ्या आणि तिला खेळताना छातीत दुखतं का, गरगरतं का, ते विचारा. दोन्हीचं उत्तर चांगलं आलं तर तिला खेळू द्या.

हे उत्तर इतर आई-वडीलही वाचतील, म्हणून थोडं विषयांतर. कोरोनरीच्या जन्मजात दोषांची यादी मोठी आहे आणि त्यातले बरेच निरुपद्रवी आहेत. डावीची एक शाखा उजवीकडून निघून महाधमनीच्या मागून वळसा घेते, तिला सोडून द्यायचं, फक्त पुढे कधी झडपेचं ऑपरेशन झालं तर सर्जनला आधी सांगायचं. इकोत सापडणारा अगदी बारीक कोरोनरी फिस्टुला (धमनीतून हृदयाच्या कप्प्यात किंवा शेजारच्या वाहिनीत उघडणारी जादा वाट) बहुधा नुसता बघत राहायचा असतो. फॅलोट्स टेट्रालॉजी या जन्मजात हृदयदोषाच्या मुलांत शंभरात पाचेक जणांची पुढची मोठी शाखा उजव्या धमनीतून निघून नेमकी सर्जनला जिथे छेद घ्यायचा असतो तिथून आडवी जाते. ती आधी माहीत असलीच पाहिजे.

पण एक दोष असा आहे की त्यात थांबायचं नसतं: डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुस धमनीतून निघणं. डॉक्टर त्याला अल्कापा म्हणतात. बॉस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी १९३३ साली तीन महिन्यांच्या बाळात त्याचं वर्णन केलं. सुमारे तीन लाख जन्मांत एक, म्हणजे आपल्या देशातल्या जन्मांच्या संख्येवर हिशेब केला तर वर्षाला सत्तर-ऐंशी बाळं. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुस धमनीतला दाब जास्त असतो म्हणून निभावतं. महिना-दोन महिन्यांत तो उतरला की डाव्या कोरोनरीतलं रक्त उलटं फुप्फुसाकडे वाहायला लागतं. दूध पिताना बाळ थांबतं, कपाळ घामाने ओलं होतं, चेहरा पांढरा पडतो, कळवळून रडतं आणि मग निपचित. घरात म्हणतात पोटात गॅस झाला. दवाखान्यात धाप बघून न्यूमोनिया म्हणतात. एक्स-रेत हृदय मोठं दिसतं, इकोत पंपिंग कमी, आणि ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी’चा, म्हणजे हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजाराचा, शिक्का बसतो. अशा प्रत्येक तान्ह्या बाळात दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. एक म्हणजे कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासणं, कारण त्यांच्या कमतरतेने हुबेहूब असंच होतं आणि ते औषधाने बरं होतं. दुसरी म्हणजे ईसीजीच्या लीड वन आणि एव्हीएल या दोन पट्ट्यांत खोल क्यू लहरी आहेत का हे बघून, इकोत डावी कोरोनरी महाधमनीला जोडलेली प्रत्यक्ष दाखवणं. ‘दिसली असावी’ चालत नाही. ऑपरेशन न झाल्यास अशी बहुतेक बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत. धमनी वेळेत महाधमनीला जोडली तर पंधरा-वीस टक्क्यांवर आलेलं पंपिंग काही महिन्यांत नॉर्मलजवळ येतं. बालहृदयरोगात इतका पालट फार थोड्या ऑपरेशनांत बघायला मिळतो.

आता भरती. ऑपरेशन झालं तर साधारण तीन महिने छातीचं हाड जुळेपर्यंत धावपळ नाही. त्यानंतर पुन्हा सीटी, पुन्हा स्ट्रेसखालची तपासणी, आणि दोन्ही स्वच्छ आल्या तर टप्प्याटप्प्याने पळणं सुरू करता येतं. बरीच मुलं स्पर्धेच्या खेळातही परततात. ऑपरेशन न करता १६०० मीटर जीव तोडून पळण्याची परवानगी मात्र मी या हकीकतीच्या मुलाला देणार नाही. छातीवर व्रण असताना पोलीस किंवा सैन्याचं वैद्यकीय मंडळ काय ठरवेल हा त्यांचा अधिकार आहे. हृदयरोगतज्ज्ञाचं ‘पळू शकतो’ हे पत्र त्यांना बांधील नसतं. म्हणून अकरावी-बारावीत दुसऱ्या एखाद्या वाटेचा अभ्यास चालू ठेवायला सांगा, आणि मैदानी चाचणीच्या आधी आजार लपवण्याचा सल्ला ॲकॅडमीत कोणी दिला तर ती ॲकॅडमी बदला.

कागद गोळा झाले की सीडी, स्ट्रेस टेस्टचा पूर्ण प्रिंट आणि कॅज्युअल्टीचा ईसीजी घेऊन बालहृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांना एकत्र भेटा. मुलालाही बरोबर न्या, आणि पहिली दहा मिनिटं त्याला एकट्याला बोलू द्या.